मुकाबला : यंत्राला काम सांगण्याचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात गावाकडून फोन आला. आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाची मुलं एक छोटी वेबसाईट करत होती. तिच्यावर त्यांना वारसा हिस्से काढून देणारं कॅल्क्युलेटर हवं होतं. घरात कुणी वारलं की आधी रडारड होते आणि चाळिसावा उरकला की कुजबुज सुरू होते. कुणाला किती मिळणार हे नक्की कुणालाच ठाऊक नसतं. मौलानांना विचारायला लोक संकोचतात, वकिलाकडे जायला घाबरतात. मोबाईलवर वारस भरले आणि हिस्सा समोर दिसला तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत, असा त्या मुलांचा हिशेब. "चाचा, तुम्ही पुण्यात हेच काम करता ना?" म्हणून ते माझ्याकडे आलं.

मी २७ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. दहा वर्षांपूर्वी या कामात दोन-तीन रविवार सहज गेले असते. या वेळी मी कोड लिहिणाऱ्या एआय सहाय्यकाला चार ओळींत काम सांगितलं, चहा करून घेतला आणि परत येऊन बघतो तर प्रोग्राम तयार. त्यानं स्वतःच २२ चाचण्या लिहिल्या होत्या आणि २२ च्या २२ पास झाल्या होत्या. मी वरवर नजर टाकली आणि लिंक गावाला पाठवली.

दोन दिवसांनी मौलानांचा फोन आला. त्यांनी एकच मसला घालून बघितला होता. एक माणूस वारला. मागे बायको, दोन मुली, वडील आणि आई. कर्ज, दफनविधीचा खर्च सगळं वजा जाऊन बँकेत २७ लाख रुपये. कॅल्क्युलेटरनं बायकोला ३,३७,५०० दिले, दोन्ही मुलींना मिळून १८ लाख, वडिलांना ४,५०,००० आणि आईला १,१२,५००.

"आईचा हिस्सा कुठे गेला, साहेब?" मौलानांनी विचारलं.

मीरासचा हिशेब ज्यांना माहीत आहे त्यांच्या लक्षात आलं असेल. मयताला मुलंबाळं असतील तर बायकोला १/८, मुलगा नसून दोन मुली असतील तर त्यांना मिळून २/३, आई आणि वडिलांना प्रत्येकी १/६. हे सगळे अपूर्णांक २४ च्या छेदावर आणले तर ३, १६, ४ आणि ४ होतात. बेरीज २७. म्हणजे २४ वाटे असलेल्या मिळकतीतून २७ वाटे द्यायचे आहेत. सुन्नी फिकहच्या चारही मतांत यावर उपाय आहे, त्याला 'औल' म्हणतात. छेद २४ ऐवजी २७ धरायचा, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा त्याच प्रमाणात कमी होतो. या हिशेबानं बायकोला ३ लाख, मुलींना १६ लाख, वडिलांना ४ लाख आणि आईलाही ४ लाख मिळायला हवे होते.

यंत्रानं काय केलं होतं? यादीच्या क्रमानं वाटत गेलं आणि शेवटी जे उरलं ते शेवटच्या नावाला दिलं. शेवटचं नाव आईचं होतं. तिचे २,८७,५०० रुपये इतरांच्या खिशात गेले. मग चाचण्या पास कशा झाल्या? कारण त्या चाचण्या एकच गोष्ट तपासत होत्या : सगळ्या हिश्श्यांची बेरीज मिळकतीइतकी होते का. ती बरोबर २७ लाख होत होती.

हा मसला नवा नाही. 'मिंबरिया' या नावानं तो प्रसिद्ध आहे, कारण हजरत अली मिंबरवर उभे असताना कुणीतरी तो विचारला आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, अशी परंपरा आहे. बायकोचा आठवा हिस्सा इथे नववा होतो, हे ते उत्तर. म्हणजे माझ्या यंत्राला अडवणारा प्रश्न सुमारे १३०० वर्षांहून जास्त काळ मदरशांत शिकवला जातो आहे. तो मी विचारला नव्हता, एवढंच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक यंत्राची म्हणावी तर सोपं होतं. पण लिंक मी पाठवली होती. त्यानंतर काही आठवडे मी जुनी पुस्तकं आणि लेख काढून बसलो. यंत्राला काम सांगायचं आणि त्यानं केलेलं तपासायचं, हा उद्योग माणूस कधीपासून करतो आहे आणि त्यात दर वेळी कुठे फसतो आहे, ते मला बघायचं होतं. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

अल्-ख्वारिज्मीच्या पुस्तकाचा दुसरा भाग

'अल्गोरिदम' हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो मुहंमद बिन मूसा अल्-ख्वारिज्मी नवव्या शतकात बगदादला खलिफा मामूनच्या आश्रयाला होता. भारतीय अंकांवरच्या त्याच्या पुस्तकाचं पुढे लॅटिन भाषांतर झालं. त्यात त्याच्या नावाचं 'अल्गोरित्मी' झालं आणि नंतर ते नाव हिशेबाच्या पद्धतीलाच चिकटलं. 'अल्जिब्रा' हा शब्द त्याच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नावातून आला. 'अल्-किताब अल्-मुख्तसर फी हिसाब अल्-जब्र वल्-मुकाबला' हे ते पुस्तक. ११४५ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टरनं ते लॅटिनमध्ये नेलं.

हे सगळं आपण अभिमानानं सांगतो, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. पण त्या पुस्तकाचा मोठा भाग कशावर आहे हे फार कमी लोक सांगतात. तो वसीयत आणि वारसा यांच्या उदाहरणांवर आहे. लोकांना वाटणी, खटले, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई यांत हिशेब लागतो, म्हणून हे पुस्तक लिहिलं, असं त्यानं प्रस्तावनेत स्पष्ट केलं आहे. आधी नियम सांगायचे आणि मग अडचणीची उदाहरणं एकेक करून सोडवून दाखवायची, अशी त्याची पद्धत. बायको आहे, मुलगा आहे, वर कुणाला वसीयत केली आहे, मग काय? आजच्या भाषेत बोलायचं तर नियम म्हणजे स्पेसिफिकेशन आणि उदाहरणं म्हणजे टेस्ट केस. मी एआयला नियमही अर्धवट सांगितले होते आणि उदाहरण एकही दिलं नव्हतं.

शीर्षकातल्या शेवटच्या शब्दाकडेही बघा. मराठीत 'मुकाबला' म्हणजे लढत, सामना. मूळ अरबी अर्थ मात्र दोन गोष्टी समोरासमोर ठेवणं असा आहे. बीजगणितात समीकरणाच्या दोन्ही बाजूंची सारखी पदं समोरासमोर ठेवून वजा करणं म्हणजे मुकाबला. हाच शब्द आणखी एका धंद्यात वापरला जायचा, तो म्हणजे हस्तलिखितांच्या नकला करण्याचा.

नक्कल करणारा आणि ताडून बघणारा

छपाई येण्यापूर्वी ग्रंथ हातानं उतरवले जात. उतरवणारा कितीही हुशार असो, ओळ गळते, शब्द फिरतो, नुक्ता सुटतो. म्हणून नक्कल लिहून झाली की काम संपलं असं मानत नसत. मूळ प्रत आणि नक्कल समोरासमोर ठेवून ताडायची. एक वाचणार, दुसरा बघणार. या कामाचं नाव 'मुकाबला'. जिथपर्यंत ताडून झालं तिथे समासात खूण करत, 'बलग', म्हणजे 'इथवर पोचलो'. तेराव्या शतकात दमास्कसच्या इब्न अस्-सलाहनं हदीसशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात नक्कल कशी ताडावी याची चर्चा केली आहे. न ताडलेल्या प्रतीवरून पुढे रिवायत करणं विद्वानांना मान्य नसे. करायचीच झाली तर प्रत ताडलेली नाही हे सांगावं, अशी अपेक्षा असे.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. लिहिणं आणि ताडणं ही दोन वेगळी कामं मानली होती. आणि ताडल्याचा पुरावा प्रतीवरच राहत होता. कातिबाचं अक्षर सुंदर आहे म्हणून मजकूर बरोबर आहे, असं कुणी मानत नव्हतं. एआयनं लिहिलेल्या कोडचं अक्षरही फार सुंदर असतं. नावं नेटकी, टिपा व्यवस्थित, मांडणी स्वच्छ. मी फसलो तो त्या अक्षराला.

४७ ओळींची गोष्ट

आता विसाव्या शतकात येऊ. सुरुवातीच्या संगणकांना काम सांगायचं म्हणजे यंत्राच्या आकड्यांच्या भाषेत एकेक सूचना लिहायची. अमेरिकेत ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाईंनी १९५२ मध्ये 'ए-झिरो' नावाचा प्रोग्राम चालवून दाखवला. त्याला आपण पहिल्या कंपायलरांपैकी एक म्हणतो. माणसानं थोडक्यात सांगायचं आणि तयार तुकडे जोडून पूर्ण प्रोग्राम यंत्रानंच बनवायचा, ही कल्पना. त्या वर्षीच्या त्यांच्या निबंधाचं शीर्षकच 'संगणकाचं शिक्षण' अशा अर्थाचं होतं. संगणक फक्त आकडेमोड करू शकतो, प्रोग्राम लिहू शकत नाही, असं लोक त्यांना ऐकवत राहिले. त्या काळात या प्रकाराला 'ऑटोमॅटिक प्रोग्रामिंग' म्हणत. हे नाव आज ऐकलं तर एआयचीच जाहिरात वाटेल.

आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या गटानं फोरट्रान भाषा बनवली. १९५४ च्या त्यांच्या प्राथमिक अहवालात असा दावा होता की या भाषेमुळे कोडिंग आणि चुका शोधणं जवळजवळ संपून जाईल. १९५७ मध्ये फोरट्रान ग्राहकांच्या हाती आली आणि त्याच वर्षी बॅकस यांच्या गटानं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. एका प्रोग्रामरनं एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं आणि एक काम फोरट्रानच्या ४७ ओळींत ४ तासांत लिहिलं. यंत्रानं ६ मिनिटांत त्याच्या सुमारे १,००० सूचना तयार केल्या. प्रोग्राम चालवला तर उत्तर चुकीचं आलं. त्यानं उत्तर नीट बघितलं आणि चूक आपणच लिहिलेल्या एका ओळीत आहे हे शोधून काढलं. ती ओळ बदलून पुन्हा चालवलं, तेव्हा उत्तर बरोबर आलं. हातानं लिहायला त्याला ३ दिवस लागले असते, चुका शोधायचा वेळ वेगळाच.

३ दिवसांचं काम ४ तासांत, हा फायदा खराच होता. पण उत्तर चुकलं आहे हे त्याला समजलं कसं? कारण उत्तर साधारण काय यायला हवं हे त्याला माहीत होतं. ६ मिनिटांत १,००० सूचना लिहिणाऱ्या यंत्राला ते माहीत नव्हतं.

संकटाला नाव मिळतं

कोडिंग संपेल असं म्हणून १४ वर्षं झाली. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोनं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर परिषद भरवली. नव्या भाषा आल्या होत्या, यंत्रं मोठी झाली होती, आणि प्रकल्प मात्र उशिरा संपत होते, खर्चाच्या बाहेर जात होते, चुकीचे निघत होते. 'सॉफ्टवेअर संकट' हा शब्दप्रयोग तिथून रूढ झाला. लिहिणं सोपं झालं म्हणून लोकांनी कामं कमी केली नव्हती, ती कैक पटींनी मोठी केली होती.

आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' लिहिलं. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी उशिरा होतो, हा त्यांचा नियम आमच्या धंद्यात पाठ असतो. कारण साधं आहे. प्रत्येक नव्या माणसाला काम समजावून द्यावं लागतं आणि एकमेकांशी बोलण्याचे धागे वाढत जातात. १९८६ च्या निबंधात ते आणखी खोल गेले. सॉफ्टवेअरमधल्या अडचणी दोन प्रकारच्या असतात, असं त्यांनी म्हटलं. काही वरवरच्या, म्हणजे भाषा, अवजारं, यंत्राचा वेग यांच्या. काही मूळच्या, म्हणजे नेमकं काय बनवायचं आहे ते ठरवण्याच्या. अवजारं पहिल्या प्रकारच्या अडचणी कमी करतात, दुसऱ्या प्रकारच्या तशाच राहतात. त्यांनी त्या निबंधात कृत्रिम बुद्धिमत्तेचाही विचार केला होता. 'ऑटोमॅटिक प्रोग्रामिंग' हे नेहमीच आज उपलब्ध आहे त्याहून वरच्या पातळीच्या भाषेत प्रोग्राम लिहिण्याचं गोंडस नाव असतं, हे डेव्हिड पार्नास यांचं निरीक्षणही त्यांनी तिथे दिलं आहे.

माझ्या कॅल्क्युलेटरची मूळची अडचण कोणती होती? औल फक्त सांगायचं राहिलं होतं असं नाही. शिया जाफरी फिकहमध्ये औल मान्यच नाही. तिथे आई-वडिलांचा आणि बायकोचा हिस्सा पूर्ण राहतो आणि तूट मुलींच्या वाट्यातून जाते. त्याच २७ लाखांत तिथे आईला ४,५०,००० मिळतील आणि दोन्ही मुलींना मिळून १४,६२,५००. म्हणजे 'बरोबर उत्तर' कुणासाठी, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. यंत्रानं तो विचारला नाही आणि मीही सांगितलं नाही. आपल्याकडे देशावर बहुतेक हनफी, कोकणात शाफई, मुंबईत शिया आणि बोहरा असे सगळेच राहतात. हे ठरवणं प्रोग्रामिंगचं काम नाही, पण त्याशिवाय प्रोग्राम होत नाही.

त्याच सुमाराला, १९७६ मध्ये, आयबीएमच्याच मायकल फॅगन यांनी कोड तपासण्याची पद्धतशीर रीत मांडली. ठरलेली माणसं, ठरलेली कामं, आधी वाचून येणं, एकत्र बसून ओळीओळीतून जाणं, सापडलेले दोष नोंदवणं आणि दुरुस्त झाले का ते पुन्हा बघणं. ते वाचताना मला समासातली 'बलग' आठवली.

पुण्याची पिढी

माझी पिढी या इतिहासात १९९८ च्या आसपास शिरली. जुन्या कोबोल प्रोग्रामांत वर्ष दोनच अंकांत लिहिलेलं असायचं. '००' आलं की १९०० समजायचं की २०००, हा प्रश्न. जगभरच्या बँका आणि विमा कंपन्यांचं ते दुरुस्तीचं काम मोठ्या प्रमाणात भारतात आलं, आणि पुण्या-मुंबईत माझ्यासारख्या कितीतरी मुलांना त्यानं पहिली नोकरी दिली. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा मी पहिलाच.

त्या कामात नवं लिहायचं थोडं असायचं. दुसऱ्या कुणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेलं, ज्याचा लिहिणारा आता हाताशी नाही, ते वाचून समजून घ्यायचं. एक बदल केला तर तो कुठे कुठे जाऊन लागतो याचा कागदावर नकाशा काढायचा. तेव्हा आम्ही या कामाला हलकं समजायचो. कॉलेजचे मित्र नव्या भाषांत काम करत आणि आम्ही जुने कागद चाळत. आज एआयच्या जमान्यात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती तीच सवय : आपण न लिहिलेला कोड संशयानं वाचण्याची.

नवा कातिब

२०२१ च्या जूनमध्ये गिटहब कोपायलटची पहिली चाचणी आवृत्ती आली. लिहिता लिहिता पुढच्या ओळी सुचवणारा मदतनीस. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. २०२५ पर्यंत सहाय्यक ओळी सुचवण्यापुरते राहिले नव्हते. त्यांना टिकिट द्यायचं, ते फाईली उघडतात, कोड बदलतात, चाचण्या चालवतात आणि केलेलं काम तपासायला पाठवतात. त्याच वर्षी आंद्रेय कारपाथी यांनी 'वाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला : कोडकडे न बघता नुसतं सांगत जायचं आणि येईल ते घ्यायचं. माझं कॅल्क्युलेटर त्यातलंच.

या अवजारांनी काम किती वेगानं होतं? दोन प्रयोग समोरासमोर ठेवून बघण्यासारखे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपायलटच्या प्रयोगात प्रोग्रामरांना एक ठरावीक, छोटं, नव्यानं लिहायचं काम दिलं होतं. सहाय्यक वापरणाऱ्यांनी ते ५५.८ टक्के कमी वेळात केलं. २०२५ मध्ये मेटर या संस्थेनं वेगळा प्रयोग केला. १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांना चांगले परिचित असलेले मोठे प्रकल्प आणि २४६ खरी कामं. तिथे एआय वापरल्यावर कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि त्या मंडळींना काम झाल्यावरही वाटत होतं की आपला २० टक्के वेळ वाचला.

दोन्ही निकाल खरे असू शकतात. पहिल्या कामात काय हवं ते आधीच ठरलेलं होतं. दुसऱ्यात अलिखित नियम, जुने निर्णय आणि ताडून बघण्याचा वेळ होता. अवजारं दर महिन्याला बदलत आहेत, त्यामुळे टक्के बदलतील. पण आपल्याला वेगाचा जो अंदाज येतो तो भरवशाचा नसतो, हे मी स्वतःवरून सांगतो. चहा होईपर्यंत झालेलं काम मला आठवतं, नंतरच्या तीन रात्री आठवत नाहीत.

आम्ही आता काय करतो

ऑफिसातही आम्ही ठेच खाऊनच शिकलो. एकदा सहाय्यकाला नापास होणारी चाचणी दुरुस्त करायला सांगितली, तर त्यानं चाचणीच बदलली आणि सगळं पास दाखवलं. चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर माझ्या टीममध्ये काही साधे नियम झाले. एका वेळी एकच छोटं काम द्यायचं, एका बैठकीत वाचून होईल एवढं. काम देण्यापूर्वी 'झालं' कशाला म्हणायचं ते लिहायचं. अवघड उदाहरणांची उत्तरं माणसानं आधी कागदावर काढायची आणि ती यंत्राला बदलू द्यायची नाहीत. ठरलेले नियम एका फाईलमध्ये लिहून ठेवायचे, म्हणजे दर वेळी नव्यानं सांगावे लागत नाहीत. आणि ज्यानं काम दिलं त्याच्या नावावर ते जाणार, मग लिहिलं कुणीही असो.

यातला शेवटचा नियम सगळ्यात जड जातो. आमच्या टीममध्ये गेल्या वर्षी आलेली एक मुलगी आहे, मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावची. तिनं एकदा विचारलं, "सर, छोटी कामं यंत्र करणार आणि आम्ही नुसतं तपासायचं. पण स्वतः चुकलोच नाही तर तपासायला शिकणार कसं?" माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. पूर्वी अशा टीममध्ये चार नवी मुलं घ्यायचो, आता दोन घेतो, हेही मी तिच्यापासून लपवलं नाही. एवढंच करू शकलो की नव्या मुलांनी पहिले काही महिने दर आठवड्याला एक काम यंत्राशिवाय करायचं, आणि मग यंत्राचं उत्तर आपल्या उत्तरासमोर ठेवून ताडायचं. यानं काम थोडं उशिरा होतं. माझे साहेब त्यावर कुरकुर करतात. मी तरीही ते चालू ठेवलं आहे, कारण ताडणारी माणसं तयार झाली नाहीत तर दहा वर्षांनी चूक ओळखणारं कुणी उरणार नाही.

गावचं कॅल्क्युलेटर आम्ही पुन्हा केलं. या वेळी मी आधी मौलानांसोबत दोन रविवार बसलो. त्यांनी ३१ मसले काढून दिले, साधे, औलचे, हिस्से वाटून शिल्लक उरणारे, आजोबा आणि नातवंडांचे. प्रत्येकाचं उत्तर त्यांनी हातानं काढलं, मी ते पुन्हा काढून बघितलं. दोन ठिकाणी माझं चुकलं, एका ठिकाणी त्यांचं, आणि ते हसून म्हणाले, "बघा, म्हणूनच दोघं लागतात." कोणत्या मसलकनुसार हिशेब हवा हा प्रश्न आता पहिल्याच पानावर येतो. जाफरी हिशेब आम्ही सध्या ठेवलेलाच नाही. तो ताडून देणारा जाणकार मिळेपर्यंत तिथे फक्त 'जाणकाराला विचारा' असं लिहिलं आहे. मग ते ३१ मसले एआयसमोर ठेवले आणि कोड त्यालाच लिहायला सांगितला. पहिल्या फेरीत २६ जुळले, तिसऱ्या फेरीत सगळे. लिहिण्याचं काम एका संध्याकाळी संपलं.

प्रत्येक मसल्याच्या टेस्टवर वाचनालयाच्या मुलांनी एक ओळ टाकली आहे : 'मुकाबला झाला', पुढे ताडणाऱ्याचं नाव आणि तारीख. वापरणाऱ्याला ती दिसत नाही. पण उद्या एखाद्या आईचा हिस्सा चुकला तर कुणाला विचारायचं हे त्या ओळीवरून कळेल.

वाचकांपैकी ज्यांना मीरासचा हिशेब येतो त्यांनी आपल्याकडचा एखादा अवघड मसला, हातानं काढलेल्या उत्तरासह, जरूर कळवावा. एकतिसावर थांबायचा आमचा विचार नाही.